करपलेल्या दुधाचा वास

काल विभागाच्या बैठकीत कोपऱ्यातल्या गॅसवरचं दूध करपलं. सगळ्यांनी नाकं मुरडली. मला मात्र आमचे जुने विभागप्रमुख सर आठवले.

तेव्हा नळदुर्गच्या कॉलेजात मी नवीन होते आणि विभागात बाई मी एकटीच. वर्षाच्या कामाचं मूल्यमापन चाललं होतं. माझी पाळी आली, मी बोलायला लागले, तेवढ्यात बाहेरून आलेले एक प्राध्यापक म्हणाले, "मॅडम, आधी चहाचं बघता का?"

मी सवयीनं उठले.

"बसा तुम्ही," सर म्हणाले. मग त्या प्राध्यापकांकडं वळले. "दर वेळी ह्यांनाच उठवतो आपण. मीबी तेच करत आलो. आणि वर शेरा मारतो, मॅडम बैठकीत बोलत न्हाईत."

मग ते स्वतःच गॅसकडं गेले. हायवेवरचे ट्रक घरघरत होते, त्यांच्या हातून दूध करपल्याचा वास खोलीभर पसरत होता आणि मी शेवटपर्यंत बोलत होते. इतका वाईट चहा मी पुन्हा कधी प्यायले नाही, आणि इतक्या आवडीनंही.

काल दुधाच्या वासानं नव्या मॅडम बोलणं अर्धवट टाकून उठल्या.

"बसा तुम्ही, पुरं बोला," मी म्हणाले, आणि गॅसशेजारी बसलेल्या तरुण प्राध्यापकांकडं नुसतं बघितलं. ते उठले.