मास्तरांचा डावा पाय

ड्रायव्हिंग क्लासच्या मास्तरांना शिकणारी मंडळी पाठीमागे ‘क्लच’ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. गाडीला जरा गचका बसला की मास्तर ओरडत, “क्लच! क्लच!” आणि त्याच दमात स्वतःचा डावा पाय दाबत, कारण क्लासच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. मास्तरांचा पाय पडला की गचका तिथल्या तिथे थांबे. मग ते मागच्या सीटवर पाळीची वाट बघणाऱ्यांकडे वळून विचारत, “पाहिलंत?” असं पुराव्यासकट शिकवल्यावर कोण काय बोलणार!

बाहेरच्यांचं एक वेळ ठीक, पण सध्या घरचंच माणूस स्टिअरिंगवर होतं. मास्तरांची थोरली मुलगी. बेकरीची माल पोचवायची व्हॅन चालवायला माणूस हवा होता आणि मालकीणबाई तिला घ्यायला तयार होत्या, लायसन्स तेवढं हवं होतं. पोरगी दोनदा नापास झाली. दोन्ही वेळा त्याच चढावर, आणि चढ तरी केवढा, सायकलवाला गाणं म्हणत चढेल एवढा. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी गचके खायची, दम टाकायची आणि मधेच बंद पडायची. परीक्षा घेणारे इन्स्पेक्टरसाहेब मास्तरांच्या जागी बसत. ते काही कुणासाठी क्लच दाबत नसत.

“बाबा, मी क्लच पूर्ण सोडल्यावर गचके येतात हो,” ती कळवळून सांगायची. “गाडीतच काहीतरी आहे.”

“गाडीत काही नाही. मी चालवतो तेव्हा बरं काही होत नाही?”

हे खोटं नव्हतं. मास्तर एकटे, रिकाम्या गाडीत, हलक्या पायाने चालवत. चढ आला की लगेच खालचा गिअर टाकत. त्यांच्या हाताखाली गाडी शहाण्या बाळासारखी वागायची. त्यामुळे पोरीला मंदबुद्धी ठरवायला ते मोकळे होते, आणि तिसऱ्यांदा ती नापास झाली तेव्हा त्यांनी तिला मागच्या सीटवरच्यांसमोर जे काही सुनावलं, ते ऐकून बिचारे खिडकीबाहेर बघायला लागले. बेकरीवाल्या बाईंनी त्याच संध्याकाळी दुसरा माणूस ठेवला. पोरगी न जेवता झोपली, आणि मास्तरांनी घरभर तणतण केली. कसली? तर गाडी पेट्रोल जास्त पितेय, पिकअप गेलाय, या शिकाऊ लोकांनी क्लच प्लेट जाळून ठेवलीय!

दुसऱ्या दिवशी क्लासची पाळी आटोपता आटोपताच ते गाडी घेऊन मेकॅनिककडे थडकले. मागे शिकायला येणारा एक शिंपी बसला होता, त्याची पाळी राहिली होती.

“क्लच प्लेट बदल,” मास्तरांनी हुकूम सोडला.

मेकॅनिक वैतागलेलाच होता. या गाडीचा एअर फिल्टर झाला, पेट्रोल फिल्टर झाला, प्लग झाले, तरी मास्तरांची कटकट संपत नव्हती. “प्लेट घसरली तर इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही. गचके नाही मारत. तुम्ही बाजूला बसा, मी चढावर नेऊन बघतो. शिंपीदादा, तुम्हीही बसा, वजन हवं.”

मेकॅनिकने गाडी मुद्दाम दुसऱ्या गिअरमध्ये चढाला लावली आणि शिकाऊ माणसासारखा अ‍ॅक्सिलरेटर खाली दाबला. गाडीने गचका मारला. “क्लच!” मास्तर ओरडले आणि गचका थांबला.

“तुम्ही दाबलात?” मेकॅनिकने विचारलं.

“म्हणजे काय!”

“पाय काढा. दोन्ही पाय सीटवर घ्या, मांडी घाला हवं तर.”

मास्तर खरोखर मांडी घालून बसले. गाडी पुन्हा चढाला लागली आणि गचक्यामागून गचका खात, खोकत, धापा टाकत जेमतेम वर पोचली. मेकॅनिकचा क्लचवरचा पाय केव्हाच बाजूला झाला होता. मास्तरांना तो दिसत होता.

“ही मिसिंग आहे, मास्तर. एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाहीये. जोर पडला की ठिणगी पाडणारी कॉइल मार खाते, आणि तुम्ही क्लच दाबलात की इंजिनावरचा जोरच जातो, मग कसले गचके? माझ्या तपासणीच्या मशीनलाही मागे काही दिसलं नाही. दिसण्याआधीच तुम्ही दाबून टाकत होता.”

आता मशीनने तिसरा सिलिंडर दाखवला. मेकॅनिकने तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर बसवली, पहिल्याची तिसऱ्यावर, आणि पुन्हा चढ चढवला. गचके तेच, पण मशीन आता पहिला सिलिंडर दाखवत होतं. कॉइलबरोबर दोषही जागा बदलून गेला होता. काढून पाहिली तर तिच्या अंगावर केसाएवढी चीर.

“ही कधीपासून?” मास्तरांनी विचारलं.

“सांगता येत नाही. वर्ष झालं असेल.”

शिंपी पुढे येऊन म्हणाला, “मागच्या वर्षी माझी बायको येत होती तुमच्याकडे. तुम्ही म्हणालात, हिला जन्मात जमणार नाही. तिने सोडून दिलं.” आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर मास्तरांनी कॉइल स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. मुलगी भाजी चिरत होती, तिची आई भांडी पुसत होती. मास्तर सिलिंडरचं, ठिणगीचं, जोराचं सगळं सांगत सुटले. खरं सांगायचं ते सोडून बाकी सगळं.

मुलीने सुरी खाली ठेवली. “म्हणजे मेकॅनिकने सांगितलं म्हणून पटलं.”

“तसं नाही गं...”

“काल मागच्या सीटवरच्यांसमोर मला काय म्हणालात? आईला सांगा.”

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. तिने भांडं पुसायचं थांबवलं होतं. “हिला पाय नाहीत, ओंडके आहेत, म्हणालो.”

“अजून.”

“माझी मुलगी म्हणून सांगायची लाज वाटते, म्हणालो.” मग ते मुलीकडे वळले. “चुकलो मी, पोरी. तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही.”

ती रडेल असं त्यांना वाटलं होतं. ती रडली नाही. चिरलेली भाजी तिने उगाच एका बाजूला सारली, पुन्हा दुसऱ्या बाजूला सारली.

“नोकरी गेली तर गेली, दुसरी बघेन,” ती म्हणाली. “पण बाबा, काल रात्री अंथरुणात पडल्यापडल्या मला तुमचंच खरं वाटायला लागलं होतं.”