जिंकल्यावर गप्प

ग्लेन वेव्हर्लीतल्या एका शाळेच्या बास्केटबॉल हॉलमध्ये शनिवारी दुपारी केंडोच्या मॅचेस होत्या. केंडो म्हणजे सामुराईंची तलवारबाजी, फक्त तलवार बांबूची. माझी बायको दातांची डॉक्टर. दोन वर्षं ती केंडो खेळत होती आणि एकही मॅच जिंकली नव्हती. नाश्त्याला तिने जाहीर केलं, "आज हरले तर चिलखत विकणार. बास झालं."

"विकच," पुण्याहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या. "गराजमध्ये पाऊल ठेववत नाही घामाच्या वासाने." तरी निघायच्या वेळी गाडीत सगळ्यांत आधी त्याच बसल्या होत्या.

समोरची मुलगी युनिव्हर्सिटीतली, वयाने निम्मी. बायकोच्या पाठीला लाल फीत, तिच्या पाठीला पांढरी. दोघी वाकल्या आणि लगेच किंचाळायला लागल्या.

"भांडतायत का?" सासूबाईंनी विचारलं.

"वार करताना ओरडावंच लागतं, आई."

तेवढ्यात बायकोचा वार थेट डोक्यावर बसला. तिन्ही पंचांनी लाल झेंडे वर केले. सासूबाई उभ्या राहिल्या. "हाणलीस गं! शाब्बास!" बायकोने आईकडे वळून मूठ उंचावली.

पंच एकत्र आले. काहीतरी बोलले. मग मुख्य पंचाने दोन्ही झेंडे खाली धरून हलवले. पॉइंट रद्द.

"म्हणजे? लागली की डोक्यात! टणकन आवाज आला!"

"जिंकल्याचा आनंद दाखवला म्हणून रद्द. हरलेल्याचा मान ठेवायचा असतो."

"वार करताना बोंबलायचं आणि जिंकल्यावर गप्प? उलटंच आहे सगळं."

"शिवाय, पडलेला शत्रू उठून पुन्हा वार करू शकतो. सामुराई सावध राहायचा."

"हे आधी सांगायचं ना," सासूबाई खाली बसल्या. "हे पटतं."

त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. वेळ संपत आली होती. युनिवाली पुढे झेपावली. बायको जरा बाजूला सरकली आणि मनगटावर वार केला. पुन्हा तीन लाल झेंडे.

बायको मागे आली, तलवार रोखून थांबली. शिरस्त्राणाच्या जाळीआड तिचा चेहरा दिसत नव्हता. घड्याळ वाजलं, निकाल जाहीर झाला, दोघी वाकल्या. हॉलने टाळ्या वाजवल्या. सासूबाईंचे हात तसेच मांडीखाली.

"टाळ्या चालतात, आई."

"नको बाबा. परत काढून घेतील."

कार पार्कमध्ये बायकोने चिलखताची बॅग डिकीत टाकली, पुढे बसली, पट्टा लावला.

"काचा वर आहेत?"

"आहेत."

तिने अशी आरोळी ठोकली की समोरच्या गम ट्रीवरचे काकाकुवे उडाले. दुसरी अर्ध्यावर होती तेव्हा युनिवाली खांद्यावर बॅग घेऊन गाडीसमोरून चालली. बायको तिथल्या तिथे थांबली. पट्ट्याने जेवढं वाकू दिलं तेवढी वाकली. मुलगीही थांबून वाकली आणि स्टेशनच्या दिशेने गेली. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत गाडीत कोणी हललं नाही.

मग आरोळीचा उरलेला अर्धा भाग झाला.

"म्हणजे," सासूबाई मागून म्हणाल्या, "ते वासाचं गाठोडं काही विकलं जात नाही."