भोंगा न वाजलेली दुपार

राग माझ्या नाकावरच असतो. त्या आठवड्यात मात्र तो कामाला आला.

तुर्भ्याच्या एका केमिकल कारखान्यात आमच्या कंपनीचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम चालायचा. त्यातले दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी दोन कामं, मी लिहिलेले. एक टाकीचं तापमान बघायचा, वाढलं की खूण करायचा. दुसरा खूण दिसली की भोंगा वाजवायचा आणि वाजवून झाल्यावर खूण पुसायचा. एका दुपारी तापमान चढलं, ऐन वेळी भोंगा वाजला नाही आणि अख्खी टाकी खराब झाली. पाळीवर साताऱ्याकडचे एक काका होते. 'जेवून डोळा लागला, झोपेत भोंगा बंद केला' असं ठरवून त्यांना घरी बसवलं. चार दिवसांनी चौकशी होती, नोकरी जाणार हे सगळे धरूनच चालले होते.

मी त्यांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, मी झोपलो न्हवतो. एकदा वाजला, मी व्हॉल्व्ह फिरवला, तापमान उतरलं. भोंगा थांबतोय न्हाय तवर तापमान परत चढलं. मग वाजलाच न्हाय. धावलो, पर उशीर झाला."

आमचे साहेब म्हणाले, "डीबगरमध्ये वीसदा चालवला, वीसदा वाजला. प्रोग्रॅम खोटं बोलत नाही."

"आणि माणूस बोलतो होय?" मी म्हटलं.

डीबगर म्हणजे चालता प्रोग्रॅम मध्येच थांबवून आत डोकवायचं साधन. पण आमचा डीबगर थांबवताना दोन्ही थ्रेड एकदम थांबवायचा, सोडताना एकदम सोडायचा. कारखान्यात कोण कोणासाठी थांबतंय? मला एकालाच अडवून धरायचं होतं. मॅन्युअलमध्ये त्यावर जेमतेम अर्धं पान. पहिल्या दिवशी भलताच थ्रेड गोठवला, मशीन ठप्प. दुसऱ्या दिवशीही तेच. साहेब म्हणाले, सोड आता. सोडते कसली!

तिसऱ्या दिवशी काकांचं वाक्य कागदावर लिहिलं आणि त्याच क्रमाने सगळं लावलं. भोंगा एकदा वाजू दिला. खूण पुसायच्या ओळीवर प्रोग्रॅम थांबवला. भोंग्याचा थ्रेड तिथेच गोठवला, तापमानाचा चालू ठेवला, खोटं तापमान चढवलं. नवी खूण झाली. मग भोंग्याला सोडलं.

त्याने नवी खूणही पुसून टाकली. भोंगा गप्प.

अगं बाई! मी टेबलावर हात आपटला. मग ध्यानात आलं. पुसायची ती ओळ माझी होती.

"गुपचूप दुरुस्त करून पाठव," साहेब म्हणाले. "कशाला आपल्या पायावर धोंडा मारून घेतेस?"

"चोर सोडून संन्याशाला सुळी? मला नाही जमणार." चूक माझी आहे असं पत्र लिहून सही केली. कारखान्याच्या मॅनेजरला खुर्चीत बसवून तीनदा तो गप्प भोंगा दाखवला. चौकशी रद्द झाली.

सांगायला मी स्वतः कोपरखैरण्याला काकांच्या घरी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. थ्रेडबिड त्यांना कळलं असेल-नसेल. मग हळूच विचारलं,

"म्हंजी मी जागाच हुतो न्हवं? चार दिस सगळी म्हनत्यात झोपला, झोपला. मलाबी तसंच वाटाय लागलं हुतं."

"जागेच होतात, काका," मी म्हटलं. त्यांनी परत विचारलं. मी परत सांगितलं.