दोन्ही पाळ्या

“सिस्टरबाई, माज्या सुनंची रात्रपाळी आजपासनं बंद करा.” सिंधूबाई माझ्या टेबलावर वाकून कुजबुजल्या. “दिवस गेल्यात तिला.”

मी बारामतीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात मेट्रन आहे. म्हणजे नर्सेसची मुख्य. कुणाला कधी ड्युटी, ते मी ठरवते. सिंधूबाईंची सून सारिका कायम नाईटच करायची. तिनंच मागून घेतली होती, कारण निरवांगीला, सासरच्या गावी, घरची भेंडी आहे आणि दिवसा तोडणीला माणूस मिळत नाही. लग्न होऊन दोन वर्षं झालेली, घरचे पाळण्याकडे डोळे लावून बसलेले.

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कुणी कशाला? नवऱ्याला फोनवर सांगत हुती, पाळी चुकली म्हून. ह्या कानांनी ऐकलं.”

सारिकाला बोलावलं. तिनं कपाळावर हात मारला. “अहो आई, ड्युटीची पाळी! एसटी गेली, म्हणून पाळी चुकली.” सासरे साखर कारखान्यातून रिटायर झालेले, त्यामुळे त्यांच्या घरात ड्युटीला पाळीच म्हणतात.

मला हसू फुटलं. सारिका मात्र हसेना. मी तिला आतल्या खोलीत नेलं. “आणि दुसरी पाळी? ती येते ना वेळेवर?”

पोरगी रडायलाच लागली. कित्येक महिने पाळीला काही ताळतंत्रच नव्हतं. दर वेळी आशेनं टेस्ट करायची, निगेटिव्ह निघाली की गप्प बसायची. पेशंटला शहाणपण शिकवणारी बाई, स्वतःचं कुणापाशी बोलली नाही! मी चांगलीच चिडले.

डॉक्टर मॅडमनी तपासलं. रिपोर्ट सगळे नीट होते. मग त्यांनी झोपेचं विचारलं. घरी गेल्यावर तोडणी, मग स्वयंपाक. दुपारी जरा डोळा लागला की गावातलं कुणीतरी बीपी तपासून घ्यायला हजर. शरीराचं आपलं एक घड्याळ असतं. रात्री जागायचं आणि दिवसाही झोपायचं नाही, तर ते बिघडतं. सगळ्यांचंच असं होत नाही, पण काहींच्या पाळीवर परिणाम होतो. हिच्या पाळीवर झाला होता.

सिंधूबाईंना हे पटेना. “आमच्या मालकांनी जलमभर रात्रपाळी क्येली. त्यास्नी काय धाड भरली न्हाय.”

“घरी आल्यावर काय करायचे ते?”

“झोपायचे की! पोरांना वसरीवर बोलू देत नव्हती मी. भांडं वाजलं तरी अंगावर धावून जायची...”

बोलता बोलता त्या थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, “पर ते बाप्या माणूस हुते वो, बाई.”

“पाळी तीच आहे,” मी म्हटलं.

त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि पदरानं तोंड पुसलं.

काही महिने मी सारिकाला मॉर्निंग दिली. बाकीच्या पोरी कुरकुरल्या, कुरकुरू दे. हळूहळू पाळी रुळावर आली. पाळणा अजून हलायचाय, पण तिच्या चेहऱ्यावर रया आलीय. आता ती सगळ्यांसारखी आळीपाळीनं नाईट करते. मीही नाईट लावताना नवीन नर्सला आधी विचारते, घरी दुपारी झोपू कोण देतं?

परवा दुपारी ड्युटी बदलायची म्हणून सारिकाला फोन केला. सिंधूबाईंनी उचलला.

“झोपलीया ती,” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. “तुमी मोठ्या सिस्टर ना? तुमास्नी तरी कळाय पायजे!”

आणि फोन ठेवून दिला.