वैशाखातली हद्द

रेवणसिद्धप्पा गावच्या तळ्याचा नीरगंटी. तूंब, म्हणजे तळ्याच्या पाण्याचं दार, उघडून पाळीपाळीनं शेतांना पाणी द्यायचं, बांधाला उंदरांनी पाडलेली बिळं बुजवायची, हे काम त्याच्या घराण्यात आज्यापणज्यापासून आलेलं. निजाम गेला, मैसूर राज्य आलं, पुढं त्याचंही नाव बदललं. तूंबाचा दांडा मात्र याच घराच्या हातात राहिला.

तळ्याच्या उगवतीला चिखलाचा रुंद पट्टा होता. दिवाळी सरली की तिथं करकोचे उतरायचे, शेकड्यांनी. त्यांच्यासाठी सरकारनं पाटी रोवली होती : पाण्यापासून दोनशे मीटरच्या आत पक्कं बांधकाम करू नये.

सत्त्याऐंशी सालच्या वैशाखात हुमनाबादच्या उद्धवरावाचा अर्ज मंडल पंचायतीत आला. त्याच अंगाला, सडकेला लागून, त्याला हॉटेल आणि लॉऱ्या धुवायचा अड्डा बांधायचा होता. मेंबर खूश होते. भीमराज मेंबर तेवढा अडून बसला. बौद्ध वस्तीतला, शिकलेला माणूस. जागा बघितल्याशिवाय सही करणार नाही म्हणाला. मग जिल्ह्याहून साहेब आले.

पाणी तेव्हा तळाशी गेलेलं, परातीएवढं दिसत होतं. पाण्यापासून जागेपर्यंत साखळी टाकली. तीनशे दहा मीटर.

"साहेब, हे उन्हाळ्याचं पाणी हाय," भीमराज म्हणाला. "भरल्यावर ते पार वर येतंय."

"कुठपर्यंत?"

"ते नीरगंट्यालाच इचारा. मी सांगून काय उपेग, पाण्याच्या कामात नीरगंट्याचाच शब्द धरत्यात."

उद्धवराव हसला. "अप्पा, सांगा की. माझ्या हाटेलात तुमाला च्या फुकट. पाखरांकडून मातर पैसे घेणार हाय."

सगळे हसले. रेवणसिद्धप्पा हसला नाही. भरलं पाणी कुठं टेकतं हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. तीन बाभळी होत्या, उद्धवरावाच्या जागेपासून तळ्याकडं तीस पावलांवर. पण अक्षय्य तृतीयेपासून तळं भरेपर्यंत भरल्या पाण्याची खूण नीरगंट्यानं तोंडानं सांगायची नाही आणि बोटानंही दाखवायची नाही, असा त्यांच्या घराण्यात पाळ, म्हणजे नेम, होता. सांगितली तर पाऊस खूण विसरतो, पाणी तिथवर चढत नाही, असं मानायचे. बापानं बहात्तरच्या दुष्काळात मरता मरतासुद्धा तो मोडला नव्हता.

"बोल की अप्पा," भीमराज हळूच म्हणाला. "कामून गप हायस?"

"पाऊस पडल्यावर या साहेब. तवा दावतो."

"मला आज लिहायचंय," साहेब कानडीत म्हणाले. "पाणी इथंच असतं, की वर जातं?"

रेवणसिद्धप्पानं मान खाली घातली. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मग लिहिलं : नीरगंट्याची हरकत नाही. त्याच्या अंगठ्याला शाई लावली. त्यानं अंगठा दिला, कारण कागदावर खूण लिहिलेली नव्हती. आपण पाळ राखला, याचा त्याला त्या दिवशी अभिमानच वाटला होता.

घरी बायकोनं, जगदेवीनं, सगळं ऐकून घेतलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "खुणेचं नाव घ्यायचं नव्हतं, खरं हाय. पर चालत जाऊन बाभळीखाली बसता आलं असतं की. सावलीला बसायला कुणाची बंदी हाय का?"

हे त्याला सुचलंच नव्हतं.

हॉटेल झालं, अड्ड्याची फरशी तर बाभळींच्याही खाली सरकली. पुढच्या वर्षीच्या भादव्यात तळं भरलं आणि पाणी अड्ड्याच्या फरशीवर चढलं. पंचायतीनं ठराव केला : पाणी फरशीला लागू नये म्हणून सांडवा दोन हात खाली फोडावा. एकट्या भीमराजानं विरोधात हात वर केला. फोडायचं काम नीरगंट्याचंच. रेवणसिद्धप्पानं पहार घेतली आणि चार दिवस बापजाद्यांची घडीव चिरेबंदी काढत राहिला. कार्तिकात करकोचे आले. खाली कोरडी, तडे गेलेली माती, त्यावर लॉऱ्यांच्या तेलकट पाण्याचे ओहोळ. दोन दिवस वरच्या वर घिरट्या घालून ते आळंदच्या दिशेनं गेले. त्यानंतर आले ते पाच-सात, चुकार.

पुढल्या वैशाखात रेवणसिद्धप्पा भीमराजाच्या दारात जाऊन उभा राहिला.

"लिही," म्हणाला. "पाणी तीन बाभळीपतोर येत होतं. आज सांगायलोय. वैशाखात सांगायलोय."

भीमराजानं त्याला आत बोलावलं. "अप्पा, फाईल बंद झाली."

"तरी लिही."

भीमराजानं वही काढली, तारीख घातली, लिहिलं आणि वाचून दाखवलं. रेवणसिद्धप्पानं अंगठा दिला.

त्या वर्षी पाऊस खूण विसरला असता तर त्याच्या जिवाला काही आधार झाला असता; दोन वर्षांपूर्वी गप्प राहिलो ते बरोबरच होतं, असं तरी म्हणता आलं असतं. पण मृगापासून लागला तो पाऊस भादव्यापर्यंत हटलाच नाही. पाणी सरळ बाभळींच्या वाटेनं वर चढत गेलं, फोडलेल्या सांडव्याशी आलं आणि तिथून वाहून जायला लागलं. रेवणसिद्धप्पा बांधावर बसून ते जाताना बघत होता. जगदेवी जेवायला बोलवायला आली, ती शेजारीच बसली.