दोन बोटं जास्त

त्याला सगळे तोळामासा म्हणत. तब्येतीवरून नव्हे हं, तब्येत चांगली दणकट होती. नाव पडलं ते खिशातल्या वजनकाट्यावरून. पंपाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं नकाशे काढणारा हा माणूस घरी येऊन एकाच गोष्टीचे नकाशे काढायचा : शिडाची बोट. इतकी हलकी, की शर्यतीत पळावी; आणि तरी आत दोन बिछाने, शेगडी, पाण्याची टाकी, म्हणजे शर्यत संपली की बायकापोरांना घालून दोन दिवस फिरूनही यावं. पळणारं घरच म्हणा ना! आणि पळत्या घरात चमचासुद्धा मोजावा लागतो.

मोजले हो त्याने. चमचे मोजले, उशा मोजल्या, आतल्या दाराची फळी काढून पडदा लावला. बायकोची पर्स काट्याला अडकवली तेव्हा ती म्हणाली, "अहो, मलाही टांगा एकदा. जास्त भरले तर मागून पोहत येईन." तो हसला नाही. वजनाच्या बाबतीत त्याला विनोद कळत नसे.

त्यात बंदरावरच्या क्लबला सहा नव्या बोटी हव्या होत्या. चिटणीस म्हणाले, "एक करून दाखवा. शर्यतीत आमच्या पेटाऱ्याला मागे टाकलंत, तर सहाही तुमच्याच नकाशावर." पेटारा म्हणजे क्लबची जुनी, जडशीळ बोट. तोळामाशाचं वय चोपन्न. आजवर त्याला कोणी 'करून दाखवा' म्हटलं नव्हतं, आणि पुन्हा कोण कशाला म्हणतंय?

बांधायचं काम थोरल्या भावाकडे. दादाचं आयुष्य मच्छीमारांच्या बोटी बांधण्यात गेलेलं. घासायच्या मशीनने कान अर्धे नेलेले, पण हात सोन्याचे. साच्यात काचेचं कापड अंथरायचं, वर रेझिन चोपडायचं, ते वाळून टणक झालं, की झाला एक थर. नकाशात थर होते तीन, तेही पातळ कापडाचे. आणि नेमकी त्याच वेळी तोळामाशाची पाठ धरली. तीन आठवडे आडवा! फोनवरून बोंबलून बोंबलून सांगितलं त्याने, "दादा, काम हलकं हवं! हलकं!"

"हलकं?" पलीकडून दादा.

"हो, हो! एकदम हलकं!"

दादाने फोन ठेवला.

घोडं पेंड खातं ते इथंच. आपल्या भाषेत वजनाला कमी ते हलकं, आणि कमअस्सल तेही हलकंच. हलकं कापड, हलका माल. दादाला जन्मात कोणी हलकं काम सांगितलं नव्हतं, आणि सांगावं कोणी, तर सख्ख्या धाकट्या भावाने!

शर्यतीच्या तीन दिवस आधी बोट पाण्यात सोडली. बाजूला लाल रेघ आखलेली होती. पाणी बरोबर तिथवर यायला हवं. क्रेनने बोट अलगद टेकवली आणि लाल रेघ पाण्याखाली गेली. तोळामाशाने पालथं पडून हात लावून पाहिलं. दोन बोटं. लोकांना वाटेल, दोन बोटं म्हणजे काय मोठंसं! अहो, दोन बोटं म्हणजे तीनशे किलो. चार धडधाकट माणसं फुकटात आत बसवल्यासारखं.

त्याने उशा फेकल्या, टाकी उपसली, बायकोने ठेवलेली चादर तिच्याच अंगावर भिरकावली. रेघ काही वर येईना. मग शेवटी जिथून दिव्याची वायर जायची होती तिथे वरच्या बाजूला भोक पाडलं आणि निघालेली चकती उन्हात धरून कडेचे थर मोजले. एक, दोन, तीन. चार. पाच. आणि कापड कुठलं, तर मच्छीमारांच्या बोटीचं, जाडजूड! मोरीला बोळा आणि दरवाजा सताड उघडा, तशातली गत. चमचे मोजले गाढवाने, आणि बोटच मोजायची राहिली.

तळपायाची आग मस्तकात गेली. चकती मुठीत धरून तो दादासमोर उभा राहिला. "पाच थर? पाच? तीन सांगितले होते ना!"

"हो, पाच दिले," दादा शांतपणे म्हणाला. "तू म्हणालास हलकं. आजारी माणूस काहीही बोलतो. तीन थरांत तुला आणि तुझ्या बायकोला बसवून समुद्रात ढकलू? उद्या कुठे आपटली तर? आणि लोक काय म्हणतील, भावाच्याच बोटीला याने हलकं काम केलं? वरच्या दोन थरांसाठी तीन रविवार राबलोय मी. बोललो का तुला?"

आता या माणसाला काय मारायचं? तोळामाशाने वजन समजावलं, पाणी समजावलं, हातवारे केले. पालथ्या घड्यावर पाणी. दादा मान डोलवत राहिला आणि शेवटी म्हणाला, "बघ तर खरं, शंभर वर्षं टिकेल." तोळामाशाला रडू फुटायचं बाकी होतं. थर काही सोलून काढता येत नाहीत, आणि शेगडी, बिछाने, भरली टाकी आत असलीच पाहिजे अशी क्लबची अट.

शर्यतीच्या दिवशी वारा चांगला होता. जाताना वाऱ्याला तोंड देत दोन्ही बोटी बरोबरीने गेल्या. खरी परीक्षा परतीची. वारा पाठीवर आला की हलकी बोट नाक उचलते आणि पाणी कापायचं सोडून पाण्यावरून घसरत सुटते. याच घसरणीसाठी तर त्याने अकरा वर्षं कागद काळे केले होते. सुकाणूवर तोच होता. मोठा झोत आला. बोटीने नाक उचललं. "चल गं बाई, चल, चल!" तो ओरडला. हाताखाली सुकाणू थरथरलं, क्षणभर ती निघालीच होती, आणि मग पुन्हा बूड टेकून बसली. तीनदा असंच झालं. चौथ्यांदा बाजूने पेटारा आपल्या संथ चालीने पुढे निघून गेला.

धक्क्यावर चिटणीस वही घेऊन उभे होते. शेजारी दादा, फडक्याने बोटीची कड पुसत. "कागदावर फार छान होती हो," चिटणीस म्हणाले. "पण आम्ही आता दुसरीकडे बघतो. एवढं वजन आलं कुठून? बांधणाऱ्याने काही घोळ घातला का?"

तोळामाशाच्या खिशात ती चकती होती. काढून दाखवली असती की विषय संपला असता, खापर जिथल्या तिथे फुटलं असतं. कदाचित दुसरी बोट बांधायलाही मिळाली असती. त्याने खिशात हात घातला. दादाची बोटं फडक्यावर होती. रेझिनने टोकं सोललेली, काळी पडलेली.

"बांधणी चोख आहे," तो म्हणाला. "गणित माझं चुकलं."

चिटणिसांनी वही मिटली आणि ते गेले. दादाने कानामागे हात धरला. "काय रे? काय म्हणत होते?"

तोळामाशाने त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं, "म्हणतात, काम भारी झालंय!"

"मग!" दादा म्हणाला, आणि पुन्हा कड पुसायला लागला.