नियम बदलला का हो?

काळेवाडीत आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे ते काका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. मी चाकणच्या एका कंपनीत परदेशी जाणाऱ्या इंजिनिअरांची कागदपत्रं बघायचो, म्हणून करोनाच्या काळात ते मला सकाळी जिन्यातच गाठायचे. मास्क नाकावर नीट चढवून दोन पायऱ्या लांब उभे राहायचे आणि विचारायचे, "नियम बदलला का हो?"

त्यांचा एकुलता मुलगा जर्मनीत होता. निघण्याआधी बहात्तर तासांच्या आतला रिपोर्ट, विमानतळावर पुन्हा तपासणी, मग सात दिवस घरात, हे सगळं ते कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून ठेवायचे. नियम बदलला की जुनं खोडून नवं लिहायचे. बिल्डिंगमध्ये कुणी मुलाची चौकशी केली, की म्हणायचे, "त्यो यायला तयारच हाय, पण टेस्टचं लई किचकट झालंय."

एका सकाळी मीच त्यांना थांबवून सांगितलं, "काका, आता कसलीच टेस्ट लागत नाही. तिकीट काढलं की झालं."

त्यांनी कठडा धरला. मग हळूच म्हणाले, "काय काय लागतं, ते त्यानं एकदाबी विचारलं न्हाई."

जिन्यात कुणी नाही ना, हे त्यांनी वाकून पाहिलं. "इतक्यात बिल्डिंगीत कुणाला सांगू नका."

बातमी टीव्हीवर सगळ्यांनीच पाहिली असणार. तरी मी गप्प राहिलो. त्यानंतर काकांना मुलाबद्दल कुणी विचारलेलं माझ्या कानावर आलं नाही.